पाणी तयार होईपर्यंत

मित्रांनो, माशांची टाकी दिसली की तुम्ही काचेला नाक लावून मासे बघता. कोणाची शेपटी मोठी, कोण कोणाच्या मागे लागलाय, यावरून भांडता. कोपऱ्यातल्या काळ्या नळीवर चढवलेला तपकिरी, बुळबुळीत गोळा तुम्हाला दिसतच नाही. दिसलाच तर "ई, घाण!" म्हणून मोकळे होता. तो गोळा म्हणजे मी, टाकीच्या फिल्टरमधला जुना स्पंज. माझं वय अकरा वर्षं. स्पंजाच्या मानाने हे फारच झालं. माझ्या कडा झिजल्या आहेत, एका बाजूला बोट जाईल एवढं भोक पडलं आहे. पण मला सगळं आठवतं, आणि त्यातली एक गोष्ट मनात ठेवून मी फार वर्षं काढली आहेत.

जन्मलो तेव्हा मी निळाशार होतो. कारखान्यात पलंगाएवढा एक मोठा ठोकळा तारेने कापला आणि त्यातून माझ्यासारखे शेकडो निघाले. प्रत्येकाच्या पोटात नळीसाठी भोक पाडलं, पाकिटात घातलं आणि आमची पांगापांग झाली. मी एका दुकानात हुकला टांगला गेलो. समोर टाक्याच टाक्या होत्या. दिवसभर पाण्याचे बुडबुडे ऐकायचे आणि आपण मात्र कोरडं राहायचं, असं वर्षभर चाललं.

एका शनिवारी एक वायरमन आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत. अंगाने लहान, आणि सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून तिच्या आजोबांनी हे नाव पाडलं होतं. तिच्या आईला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. ती पंधरा दिवसांनी एकदा यायची. घर फार सुनं वाटू नये, म्हणून बाबा मुलीला टाकी घेऊन देत होते.

"आज पाणी भरा, उद्या मासे सोडा," दुकानदार म्हणाला.

"आजच नाही का सोडता येणार?" मुंगीने विचारलं.

"आज सोडा की! माशांचं काय असतं, पाणी दिसलं की खूश."

अशा रीतीने टाकी, खडे, मी आणि चार गोल्डफिश एकाच दिवशी त्या घरात गेलो. बाबांनी नळाचं पाणी भरलं, पंप लावला आणि मुंगीने पिशवी उलटी केली. मला आयुष्यात पहिल्यांदा पाणी मिळालं होतं. मी इतका हरखलो होतो, की पुढे काय वाढून ठेवलं आहे हे मला कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. त्यांच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. मुंगीला वाटलं, भूक लागली असेल. ती बिचारी आणखी खायला घालू लागली. खाणं तळाशी जाऊन कुजलं आणि पाणी जास्तच बिघडलं. पाणी माझ्यातून जात होतं, पण जसं येत होतं तसंच बाहेर पडत होतं. माझ्या अंगी ते बदलण्याची काही ताकदच नव्हती. पाचव्या दिवशी पहिला मासा गेला आणि नवव्या दिवशी शेवटचा.

आजोबांनी तो ताटलीत घेऊन गॅलरीतल्या कुंडीत पुरला. मुंगी पाठीमागे उभी होती.

"मी जास्त खायला घातलं म्हणून मेले का?" तिने विचारलं.

आजोबा कुंडीतली माती सारखी करत राहिले. बाबा म्हणाले, "जाऊ दे, दुसरे आणू." तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. तिने टाकीवर जुनी चादर टाकली आणि त्या खोलीत बसणंच सोडलं. अभ्यासही स्वयंपाकघरात करू लागली.

चादर काढली ती मावशीने. मुंगीच्या आईची ही धाकटी बहीण शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायचं काम करत असे. रविवारी सहज म्हणून आली आणि टाकी बघून थेट जमिनीवर मांडी ठोकून बसली.

"मुंगे, मासा शू कुठे करतो?"

मुंगीने नाक मुरडलं. "पाण्यात."

"आणि श्वास?"

"पाण्यातच."

"म्हणजे जेवण, झोप, संडास सगळं एकाच खोलीत, आणि खिडकी बंद. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण माशांचे कल्ले भाजून काढतो. हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. ते त्याचं नायट्राइट करतात."

"मग बरं झालं ना?"

"कुठलं बरं! तेही विषच. मग दुसरे जिवाणू येतात आणि ते नायट्राइट खातात. त्यातून उरतं त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही निघून जातं."

"आपल्या टाकीत का नव्हते ते जिवाणू?"

"नव्या टाकीत कोणीच नसतं गं. त्यांना यायला, वाढायला पाच-सहा आठवडे लागतात. आणि ते राहतात कुठे माहितीये? खड्यांवर थोडे, आणि सगळ्यात जास्त याच्यात." तिने माझ्यावर बोट ठेवलं. माझं कौतुक झालेला तो पहिला क्षण, मित्रांनो. "याला नळाखाली कधी धरायचं नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, आम्हीच घालतो. त्याने हेही मरतात. टाकीत पाणी भरतानाही आधी ते औषध घालवायचं, त्यासाठीचे थेंब दुकानात मिळतात."

मुंगी हळूच म्हणाली, "म्हणजे ते माझ्यामुळे नाही मेले?"

मावशीने खोटं सांगितलं नाही. "घाई झाली," ती म्हणाली. "ती आपण सगळ्यांनीच केली."

हे सगळं बोलणं झालं तेव्हा आजोबा फिरायला गेले होते. ते घरात असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मुंगी रोज सकाळी पाण्याने भरलेल्या, पण मासे नसलेल्या टाकीत चिमूटभर खाणं टाकू लागली. ते कुजणार, त्यातून अमोनिया होणार, आणि त्यावर जिवाणू वाढणार, असा तो बेत होता. वर्गातल्या दोन मैत्रिणी मासे बघायला म्हणून आल्या आणि नसलेल्या माशांना जेवण घालणारी मुंगी बघून हसत परत गेल्या. बाबाही चिडवायचे.

"काय गं, जेवले का मासे?"

"कधीच. तुमच्यासारखी ताटात भाजी नाही टाकत ते."

तिच्या बाजूने उभे राहिले ते आजोबा. ते आयुष्यभर कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंगारी होते. मावशीने पाणी तपासायच्या काचेच्या नळ्या आणि औषधाच्या बाटल्या दिल्या होत्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, आणि जो रंग येईल तो कागदावरच्या रंगांशी ताडून बघायचा. अमोनिया नसला तर पिवळा, आणि जितका जास्त तितका हिरवा. मुंगीला पोपटी आणि हिरव्यातला फरक कळेना. आजोबांनी नळी खिडकीशी नेली.

"हा पोपटी नाही. यात निळ्याचा थेंब आहे. खालच्या चौकोनातला घे."

"तुम्हाला कसं कळतं?"

"चाळीस वर्षं दुसरं केलं काय? कापडाच्या एका थानात दोन छटा आल्या की माल परत यायचा."

तेव्हापासून रंग आजोबांनी सांगायचा आणि वहीत मुंगीने लिहायचा, असं ठरून गेलं. आजोबा दुपारची झोप सोडून तिची शाळेतून यायची वाट बघू लागले. मीही बदलत होतो. माझ्या छिद्राछिद्रांत कोणीतरी मुक्कामाला येत होतं. निळा रंग जाऊन मी आधी मातकट आणि मग चांगला तपकिरी झालो. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागला. मग नायट्राइटची नळी जांभळी व्हायला लागली आणि मुंगी घाबरली, पण मावशीने फोनवर सांगितलं की असंच व्हायला हवं. सहावा आठवडा लागला तेव्हा जांभळा रंगही फिका पडून आकाशी झाला. आई रविवारी यायची होती. ती आली की सगळ्यांनी मिळून मासे आणायचे ठरलं. मुंगीने बोटांवर दिवस मोजायला घेतले.

शुक्रवारी शाळेत जाण्याआधी तिने टाकीची काच बाहेरून पुसून लख्ख केली. दुपारी घरात आजोबा एकटेच होते. पोरगी एवढी राबतेय, सून येणार आहे, आपणही काहीतरी हातभार लावावा, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी बाह्या सरसावल्या, मला नळीवरून काढलं आणि मोरीत नेलं.

कापड रंगवून झालं की शेवटचं पाणी नितळ निघेपर्यंत खळबळायचं, ही त्यांच्या हाताची सवय. त्यांनी मला नळाखाली धरून पिळलं. तपकिरी पाणी निघालं. पुन्हा पिळलं, पुन्हा निघालं. "केवढी घाण साठलीये!" असं म्हणत त्यांनी मला वीस-पंचवीस वेळा पिळलं असेल. मी ओरडू शकत नव्हतो. सहा आठवड्यांत माझ्यात वसलेलं सगळं गाव त्या मोरीच्या जाळीतून वाहून गेलं. एवढ्याने भागलं नाही म्हणून त्यांनी मला दोन चिमटे लावून दोरीवर उन्हात वाळवलं. संध्याकाळी मला पुन्हा नळीवर चढवलं तेव्हा मी दुकानात होतो तसा निळा दिसत होतो.

मुंगीने मात्र माझ्याकडे बघितलंच नाही. तिचं लक्ष वहीकडे होतं. शनिवारी नळीत रंग ठीक आला, कारण मासे येणार म्हणून तिने खाणं टाकायचं थांबवलं होतं. रविवारी पाच गप्पी मासे आले. आईने टाळ्या वाजवल्या. आजोबा खुर्चीत बसून हसत होते. त्या घरात इतकं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. ते ऐकताना माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं.

सोमवारी आई परत गेली आणि बुधवारी नळी हिरवी झाली. मुंगीने दोनदा तपासून बघितलं. मग तिने मावशीला फोन लावला.

"असं कसं होईल? सगळं तर जुळून आलं होतं," मावशी म्हणाली. "स्पंज कोणी धुतला का?"

मुंगीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मावशी, तो निळा दिसतोय."

बाबा तेव्हाच कामावरून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शुक्रवारी टाकी तू पुसत होतीस ना?"

"काच पुसली. बाहेरून."

"मग त्याच झटक्यात स्पंजही धुतला असशील."

"नाही बाबा. मी हात नाही लावला त्याला."

"मग कोणी धुतला? माशांनी? चूक झाली तर झाली म्हणावं, मुंगे. खोटं बोलू नये."

आजोबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्या पूर्ण वेळात त्यांनी पान उलटलं नाही. मी वाट बघत होतो, की आता बोलतील, आता बोलतील. मुंगी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही घरी होता ना? मी नाही ना धुतला?" आजोबांनी चष्मा काढून पुसला. "मला नाही बाबा आठवत," ते म्हणाले.

मित्रांनो, त्यांना आठवत होतं. माझ्यावर त्यांच्या बोटांचा दाब अजून ताजा होता.

मावशीने सांगितलं तसं रोज सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी बदलणं सुरू झालं. आजोबांनी ते काम कोणालाच करू दिलं नाही. गुडघे दुखत असतानाही बादली उचलायचे, मोजून थेंब टाकायचे आणि वाटीवाटीने टाकीत पाणी सोडायचे. बाबांनी "अण्णा, राहू द्या, मी करतो" म्हटलं तरी ऐकत नसत. तरीही गुरुवारी एक गप्पी तळाशी पडलेला सापडला आणि शनिवारी दुसरा. मुंगी रडली नाही. ती वही घेऊन बसली.

त्या संध्याकाळी रंग सांगायला आजोबांनी नळी खिडकीशी धरली. मुंगी पाणी प्यायला आत गेली होती, म्हणून रंग लिहायला त्यांनीच वही उघडली. शनिवारच्या रकान्यात तिने आधीच लिहून ठेवलं होतं: 'आणखी एक मेला. मी स्पंज धुतला असेन. मला आठवत नाही. पण मीच असेन.'

आजोबांनी नळी ठेवून दिली. मुंगी परत आली, तरी ते वहीच्या त्या पानाकडेच बघत होते.

जेवायला बसल्यावर त्यांनी घास हातात घेतला आणि तसाच ताटात ठेवला.

"स्पंज मी धुतला," ते म्हणाले.

बाबांचा हात थांबला. "अण्णा?"

"मी धुतला. नळाखाली. उन्हात वाळवलासुद्धा. तू पोरीला बोलत होतास तेव्हाही मला ठाऊक होतं."

मुंगीने मान वर केली. "धुतलात त्याचं काही नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. पण मी विचारलं तेव्हा गप्प का बसलात? मला वाटायला लागलं की मलाच वेड लागलंय."

आजोबा खाली बघत म्हणाले, "कारखान्यात माझ्या हातून एक थान बिघडलं नाही कधी. घरी बसल्यापासून गॅस लावू नका, इस्त्री करू नका, जिना एकट्याने उतरू नका. बरोबरच आहे तुमचं, हात कापतो माझा. तुझ्या टाकीत मात्र मला काम होतं. खरं सांगितलं तर तेही काढून घ्याल, असं वाटलं."

बाबांनी मुंगीकडे बघून "माझं चुकलं" म्हटलं, तेही अगदी पुटपुटत. मुंगी ताट तसंच ठेवून उठून गेली.

पुढचे चार दिवस ती आजोबांशी बोलली नाही. बादल्या स्वतः ओढायची. आजोबा टाकीच्या खोलीत पाऊलही टाकत नसत. गॅलरीत बसून ते आपल्या हातांकडे बघत राहायचे. अमोनिया वाढत होता, पाणी बदललं की उतरत होता आणि पुन्हा वाढत होता. मी पूर्ण जोर लावून पाणी ओढत होतो, पण जोर लावून जिवाणू येत नाहीत. त्यांना त्यांचा वेळ द्यावाच लागतो.

पाचव्या दिवशी मुंगीच्या हातून भरलेली बादली उलटली. खोलीभर पाणी झालं. आजोबा फडकं घेऊन धावत आले आणि उंबऱ्यापाशीच थांबले.

"पुसू का मी?" त्यांनी विचारलं.

आपल्या घरातली फरशी पुसायला आजोबा परवानगी मागताहेत, हे ऐकून मुंगीचा चेहरा एकदम बदलला.

"पुसा ना," ती म्हणाली. मग तीही फडकं घेऊन बसली. फरशीकडे बघतच म्हणाली, "मावशीने सांगितलं तेव्हा तुम्ही नव्हता. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं मला सगळं येतं."

"येतं तुम्हाला. हे एक सोडून." तिने फडकं पिळलं. "इकडे बसा. दाखवते."

तिने टाकीतलंच थोडं पाणी छोट्या बादलीत काढलं, मला त्यात बुडवलं आणि हलकेच दाबलं. "असं. फक्त दोनदा. पाणी काळं निघालं तरी थांबायचं. आता यात काही नाहीये, पण पुढच्या महिन्यात असेल. तेव्हा तुम्ही धुवायचं."

"मी?"

"मग कोण?"

पाचांतले तीन मासे जगले. आणखी पाच आठवडे लागले, तेव्हा कुठे नळीतला रंग पिवळ्यावर आला आणि तिथेच टिकला. पुढची चार वर्षं दर महिन्याला आजोबांनीच मला धुतलं, दोनदा दाबून. त्यांचा हात नंतर फारच कापायचा. ते गेल्यावर मुंगीने धुतलं, आणि आता ती शिकायला आईच्या नोकरीच्या गावी गेली आहे. टाकीत गप्पींची कितवी पिढी आहे, मलाही सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात बाबांनी नवा फिल्टर आणला. मला काढून त्यांनी कचऱ्याच्या पिशवीपर्यंत नेलं होतं. मी पुरता घाबरलो. माझं काय व्हायचं ते होवो, पण नव्या कोऱ्या स्पंजाच्या भरवशावर ते वीस मासे आठवडाभरही राहिले नसते. पिशवीवर हात धरूनच बाबा थबकले. त्यांनी मुंगीला फोन लावला. "अगं, जुना स्पंज टाकू का? म्हटलं आधी विचारावं."

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण मी आता टाकीत नव्या स्पंजाच्या शेजारी आहे. सहा आठवडे आम्ही दोघांनी एकत्र राहायचं, असं ठरलं आहे. माझ्यातले रहिवासी हळूहळू त्याच्याकडे बिऱ्हाड हलवताहेत. मग मला जावं लागेल. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागतो. टाकी आणलीत तर पाण्याला त्याचे सहा आठवडे द्या. रोज तपासा, आणि तोवर मासे दुकानातच राहू द्या. स्पंज तपकिरी झाला म्हणून त्याला नळाखाली धरू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात काहीतरी काम राहू द्या, आणि ते कसं करायचं हे त्यांना बसवून सांगा. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, तर ते त्याच दिवशी बोलून टाका. त्या दिवशी एका बादलीत भागतं. उशीर झाला की बादल्या फार उचलाव्या लागतात, आणि तरीही काही मासे वाचत नाहीत.